वाचकांचे प्रश्न : ग्रीक ब्राँझ नाणी आणि आपला पाऊस

प्रश्न : परदेशी विक्रेत्याकडून बिलासह मागवलेली तीन ग्रीक ब्राँझ नाणी घरी आहेत. गणपतीआधी तांब्या-पितळेची भांडी घासायला काढली, तेव्हा आईने त्यातलं एक नाणं चिंच-मिठाने घासून लख्ख केलं. आता त्यावर पोपटी ठिपके उठलेत आणि बोटाला भुकटी लागते. पुसलं तरी आठ दिवसांत परत येते. काय करावं?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : आधी नाणं बाकीच्या दोघांपासून वेगळं ठेवा आणि पुन्हा घासू नका. हा ब्राँझचा क्लोराइड-रोग आहे. नाव रोगाचं असलं तरी इथे जंतू नसतात, ही रासायनिक क्रिया असते. दोन हजार वर्षं मातीत पडलेल्या नाण्याच्या पोटात तांब्याचं क्लोराइड साठलेलं असतं. वरचं टणक हिरवं किंवा तपकिरी पुट शाबूत असेल, तोवर ते आत झाकलेलं राहतं. चिंचेतल्या आम्लाने ते पुट विरघळलं आणि मिठाने क्लोराइडची आणखी भर घातली. मग हवेतला दमटपणा आणि प्राणवायू मिळताच आतून हलक्या पोपटी रंगाची भुकटी फुटायला लागते. त्या क्रियेत तयार होणारं आम्ल नवं तांबं खातं, म्हणून ती आपोआप थांबत नाही. ठिपका पुसला तर खाली खड्डा दिसतो, तो त्यामुळेच.

हवेतली सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या आत असेल तर ही क्रिया जवळजवळ झोपलेली असते. ५५ च्या पुढे ती वेगाने चालते. जून ते सप्टेंबर खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे भिंतींना ओल सुटते, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. तिथे उघड्यावर ठेवलेलं नाणं चार महिने सतत ५५ च्या वरच असणार.

उपाय असा. भिंगाखाली बाभळीच्या काट्याने किंवा बांबूच्या टोकदार काडीने सुटी भुकटी खरवडून काढा. सुई वापरू नका, धातूवर ओरखडे पडतात. मग १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात २० ग्रॅम खाण्याचा सोडा आणि २५ ग्रॅम निर्जल धुण्याचा सोडा विरघळवा. काचेच्या बरणीत हे द्रावण घेऊन नाणं त्यात बुडवून ठेवा आणि दर आठवड्याला द्रावण बदला. सहा आठवडे तरी धरून चाला, जुनं दुखणं असेल तर तीन-चार महिनेही लागतात. नळाला येणारं राकसकोपचं किंवा हिडकलचं पाणी पिण्याला उत्तम, पण त्यात क्लोरीन घातलेलं असतं, म्हणून या कामाला ते चालत नाही. बॅटरीत घालायचं पाणी आणणार असाल तर ते निव्वळ डिस्टिल्ड आहे, त्यात आम्ल नाही, याची खात्री दुकानातच करा.

शेवटी साध्या डिस्टिल्ड पाण्याच्या चार-पाच धुवणी द्या, प्रत्येक एक दिवसाची. ओळखीच्या कॉलेजात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा असेल तर शेवटच्या धुवणीचं थोडं पाणी तिथे न्या. त्यात नायट्रिक आम्लाचा थेंब टाकून सिल्व्हर नायट्रेट घालायला सांगा. पाणी दुधाळ झालं तर क्लोराइड अजून निघतंय, म्हणजे पुन्हा सोड्यात. स्वच्छ राहिलं तर नाणं शुद्ध ॲसिटोनमध्ये दहा-दहा मिनिटं दोनदा बुडवा आणि साधारण ६० अंशावर पूर्ण सुकवा. ॲसिटोन पेट घेतं, तेव्हा गॅस, निरांजन, उदबत्ती आसपास नको आणि खिडकी उघडी हवी. ओलं नाणं तर ओव्हनमध्ये मुळीच घालू नका, आधी ॲसिटोन हवेत उडून जाऊ द्या. मग मऊ सुती कपड्याने मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्यावा. खोबरेल किंवा गोडं तेल लावू नये. तेल कालांतराने आम्लधर्मी होतं आणि तांब्याशी मिळून स्वतःच हिरवा चिकटा तयार करतं.

सोड्याच्या द्रावणाने कधीकधी निळसर झाक येते, पुटही थोडं सैल होतं. म्हणून निरोगी नाण्याला हा उपचार देऊ नये. तुमच्या दुसऱ्या दोन नाण्यांना फक्त कोरडी जागा द्या.

ती जागा अशी करा : रबरी कड असलेला पाच लिटरचा हवाबंद डबा, त्यात १०० ते १५० ग्रॅम नारिंगी सिलिका जेल (दमटपणा शोषणारे मणी) आणि आर्द्रता दाखवणारं एक छोटं मीटर. जेलचे मणी हिरवट झाले की ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून परत वापरता येतात. तांदळाच्या डब्यात नाणी पुरून ठेवायची पद्धत सोडून द्या. तांदूळ आर्द्रता ४० पर्यंत खाली आणू शकत नाही, उलट त्याची धूळ नाण्याला चिकटते. मऊ पीव्हीसीची पाकिटंही नकोत. त्यांतून सुटणारं आम्ल नाण्यावर हिरवा चिकट थर आणतं. मायलारची, म्हणजे पॉलिएस्टरची पाकिटं घ्या. प्लायवूड आणि एमडीएफच्या खणांतूनही आम्लाच्या वाफा निघतात, तेव्हा नाण्यांसाठी हौसेने नवं फर्निचर करू नका. डबा पुरेसा आहे.

आईंना बोल लावू नका. कळकलेलं भांडं घासणं हे आपल्या घरातलं रोजचं शहाणपण आहे. ते नाण्याला लागू पडत नाही, एवढं डब्यावर चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवा.

प्रश्न : माझ्याकडच्या नाण्यावर सिंहाचं तोंड डोक्यावर घातलेला तरुण आहे, मागे गदेसारखं काही आणि धनुष्य. व्यास १८ मिमी, वजन ५.९ ग्रॅम. हा शिकंदरचाच चेहरा ना?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : नाणं त्याच्या नावाचं असू शकतं, चेहरा मात्र हेराक्लीसचा आहे. नेमियाचा सिंह मारून त्याचं कातडं पांघरणारा वीर तो हाच. मॅसिडोनियाचं राजघराणं आपला वंश त्याच्यापर्यंत नेत असे, म्हणून तो नाण्यावर आला. मागची गदा त्याचीच, आणि धनुष्य भात्यासारख्या म्यानात ठेवलेलं आहे. अलेक्झांडरचा स्वतःचा चेहरा नाण्यांवर ठळकपणे येतो तो त्याच्या मृत्यूनंतर. त्याच्या सेनापतींपैकी टॉलेमी पहिल्याने हत्तीचं कातडं पांघरलेला अलेक्झांडर छापला, लिसिमाखसने आमोन देवाची मेंढ्याची शिंगं लावलेला. (धनुष्यबाण कोल्हापूरच्या कुर राजांच्या शिशाच्या नाण्यांवरही आहे. चिन्ह तेच असलं तरी दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.)

आता गदा आणि धनुष्य यांच्यामधली आडवी ओळ भिंगातून वाचा. ग्रीक येत नसलं तरी चालेल, चार अक्षरं ओळखली की पुरे. कैची छपरासारखं, खाली उघडं अक्षर म्हणजे ल. तेच खालून बंद झालं, पुरा त्रिकोण झाला, की द. वर्तुळातून उभी काठी गेली की फ. दोन खांबांवर तुळई ठेवली की प. ओळीतलं दुसरं अक्षर कैची छपराचं असेल आणि पुढे त्रिकोण दिसला तर ‘आलेक्सांद्रू’, म्हणजे ‘अलेक्झांडरचं’. वर्तुळ-काठीने सुरुवात होऊन पुढे दोन तुळया लागोपाठ आल्या तर ‘फिलिप्पू’, म्हणजे ‘फिलिपचं’. पण अलेक्झांडरचा बाप फिलिप दुसरा याच्या नेहमीच्या ब्राँझवर केसांना फीत बांधलेला अपोलो आणि मागे घोडेस्वार असतो, हेराक्लीस क्वचित. काही नाण्यांवर नावाऐवजी ‘बासिलेओस’, म्हणजे ‘राजाचं’, एवढंच असतं.

ग्रीक नाणी अशी षष्ठीतच बोलतात : अमक्याचं, तमक्यांचं. राजा असेल तर राजाचं आणि गाव असेल तर गावच्या लोकांचं. ‘सिराकोसिओन’ म्हणजे सिराक्यूजकरांचं. ही एक खूण लक्षात ठेवली तर अर्धी नाणी ओळखता येतात.

तुमचं वजन आणि व्यास या प्रकाराशी जुळतात. अलेक्झांडर इ.स.पू. ३२३ मध्ये गेला, पण त्याच्या नावाने नाणी पुढेही पडत राहिली. त्यामुळे नक्की साल सांगायला कडेची लहान चिन्हं आणि जोडाक्षरी खुणा वाचाव्या लागतील. प्रकाश एका बाजूने, अगदी तिरपा पाडून फोटो काढा. समोरून फ्लॅश मारला की झिजलेली अक्षरं नाहीशी होतात.

प्रश्न : ग्रीकांकडे चांदी होती, तर ब्राँझचं नाणं हवं कशाला? आणि चांदीची नाणी सोडून कुणी ते का जमवावं?
— एक वाचक, चिकोडी

उत्तर : भाजी घेण्यासाठी. अथेन्सचा चांदीचा ओबोल सुमारे ०.७२ ग्रॅमचा. त्याचा पाव म्हणजे ०.१८ ग्रॅम, मसुराच्या डाळीएवढा तुकडा. असली नाणी बोटांतून निसटत, म्हणून लोक ती गालात धरून बाजारात जात. एका ओबोलचे आठ ‘खाल्कूस’ होत. खाल्कूस म्हणजेच तांब्याचं नाणं. त्याच्या किमतीची चांदी ०.०९ ग्रॅम भरेल. एवढी चांदी छापणं आणि सांभाळणं दोन्ही फार अवघड, तांब्यात मात्र तेवढ्याच किमतीचं हातात धरण्याजोगं नाणं होतं.

सुरुवात दोन टोकांना झाली. सिसिलीत तिथले मूळ लोक आधीपासून ब्राँझ वजनावर देत-घेत, त्यामुळे तिथल्या ग्रीक गावांनी इ.स.पू. पाचव्या शतकातच ब्राँझ नाणी काढली. त्यांपैकी आक्रागासने दातासारख्या उभट आकाराची ओतीव नाणी केली. काळ्या समुद्रावरच्या ओल्बियात नाण्याऐवजी चक्क ओतलेले छोटे डॉल्फिन चालत. अथेन्सकरांना हा प्रकार सहजी पचला नाही. स्पार्टाबरोबरच्या पेलोपोनेशियन युद्धाच्या शेवटी चांदी संपली आणि त्यांनी तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेली नाणी काढली. पुढे ती रद्द झाली. ॲरिस्टोफनीसच्या एका नाटकातला माणूस सांगतो : द्राक्षं विकली, गाल तांब्याच्या नाण्यांनी भरला, पीठ घ्यायला पिशवी पुढे केली, आणि नेमकी तेव्हाच दवंडी पिटली, यापुढे तांबं घ्यायचं नाही. बाजारात उभ्या माणसाचं याहून जवळचं चित्र चांदीच्या नाण्यांत मिळणार नाही.

यातच ब्राँझचं मर्म आहे. चांदीचं नाणं कुठेही वजनावर चालतं. ब्राँझचं नाणं आपल्या धातूच्या मोलापेक्षा जास्त किमतीला चालतं, कारण गावाने तसं ठरवलेलं असतं. वेशीबाहेर गेलं की त्याची किंमत पडते. हेलेस्पाँट सामुद्रधुनीवरच्या सेस्टोस गावाचा इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरचा एक शिलालेख हे स्पष्ट शब्दांत सांगतो. लोकांनी स्वतःचं ब्राँझ नाणं काढायचं ठरवलं, ते दोन कारणांसाठी : गावाचं चिन्ह चलनात राहावं आणि त्यातून मिळणारा नफा गावाला व्हावा. चेहरा आणि तिजोरी, दोन्ही त्या एका नाण्यात आली. म्हणून ब्राँझमध्ये शेकडो गावांची चिन्हं सापडतात. कुठे मधमाशी, कुठे खेकडा, कुठे गरुडाच्या चोचीचा ग्रिफिन हा काल्पनिक प्राणी. चांदी बऱ्याचदा राजांची आणि दूरच्या व्यापाराची. चिकोडीच्या बाजारात ज्याला सुट्ट्याची अडचण कळते, त्याला ब्राँझ जवळचं वाटेल.

झीज हा त्यामुळे दोष मानू नका. गुळगुळीत झालेलं नाणं हजारो हातांतून गेलेलं असतं.

प्रश्न : खोटं नाणं घरच्या घरी ओळखता येतं का? शहापूरच्या सराफाकडून तपासून घेतलं तर चालेल?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : सराफ धातू सांगेल, वय सांगू शकणार नाही. खोटी नाणीसुद्धा ब्राँझचीच असतात, कधीकधी खऱ्याच जुन्या ब्राँझची. सराफ गल्लीतून दहापट मोठं करणारं भिंग आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा मात्र जरूर आणा.

पहिली गोष्ट : चांदीसारखं वजनावर विसंबू नका. ब्राँझचं मोल धातूवर नव्हतं, त्यामुळे टांकसाळीने चकत्या काटेकोर तोलल्या नाहीत. एकाच प्रकारात वजन २० टक्के इकडे-तिकडे असणं नेहमीचं आहे. दुप्पट किंवा निम्मं असेल तर शंका घ्या.

दुसरी : कडेची शिवण. साच्यात ओतलेल्या नकलेच्या कडेला दोन अर्धे भाग जोडल्याची रेघ असते आणि ती लपवायला कानस फिरवलेली दिसते. पण शिवण दिसली म्हणजे लगेच नाणं खोटं, असंही नाही. खरी नाणीसुद्धा ओतलेल्या कोऱ्या चकतीवर ठसा मारून बनत. चकती तापवत, एक ठसा ऐरणीत बसवलेला, दुसरा वरून धरून हातोडा. त्यामुळे खऱ्याच्याही कडेला ओतकामाची रेघ, चकती तोडलेलं नाकाड किंवा तिरकी कड राहू शकते. फरक चित्रात शोधा. ठशाने उठलेली अक्षरं पायथ्याशी धारदार असतात. कडेकडे धातू पसरल्याच्या बारीक रेषा आणि आरपार गेलेल्या फटी असतात. ओतलेल्या नकलेची अक्षरं साबणाच्या वापरलेल्या वडीसारखी गोलसर, आणि पृष्ठभागावर गोल, गुळगुळीत बुडबुड्यांचे ठिपके. गंजाने पडलेले खड्डे वेडेवाकडे, खडबडीत असतात.

तिसरी : पुट. कापसाच्या बोळ्याला शुद्ध ॲसिटोन लावून कडेला हलकेच फिरवा. नखपॉलिश काढायचं नव्हे, त्यात रंग आणि तेल असतं. खरं खनिज पुट हलणार नाही. रंग, लाख किंवा डिंकात कालवून चिकटवलेली वाळू असेल तर बोळा रंगतो. वाळवंटी पुट म्हणून विकल्या जाणाऱ्या पिवळट वाळूच्या नाण्यांना ही परीक्षा आधी द्या. वाळूचा थर फक्त खोलगट भागात, चित्राला उठाव देईल इतकाच नेमका असेल तर तो माणसाने बसवलेला आहे.

चौथी, आणि लोक हीच विसरतात : जुळं शोधा. दोन खरी नाणी एकाच ठशाची असू शकतात, पण ठसा तितकाच सरकलेला, फट त्याच जागी, खड्डा त्याच अक्षरावर, असं दोनदा घडत नाही. विक्रेत्याच्या जुन्या यादीत तसं दिसलं तर व्यवहार तिथेच थांबवा.

खरं पण कोरीव काम केलेलं नाणं हा वेगळा धोका. झिजलेले केस, पिसं नव्याने कोरलेली असतात. भिंगाखाली त्या रेघा पृष्ठभागाच्या खाली खोदलेल्या दिसतात. ठशाची रेघ वर उठलेली असते.

प्रश्न : शेतात नांगरताना तांब्याचं जाड, वेडंवाकडं नाणं सापडलं. ग्रीक असेल का? विकता येईल?
— एक वाचक, संकेश्वर

उत्तर : ग्रीक असण्याची शक्यता फारच कमी. ब्राँझ नाणी गावाबाहेर फारशी जात नसत, हे वर आलंच. आपल्या मातीत सापडतात ती बहुधा शिवराई, आदिलशाही, विजयनगरची किंवा कंपनी सरकारची. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ वाचता आलं तर शिवराई. पहिल्या बाजूची अक्षरं तीन ओळींत, दुसऱ्या बाजूची दोन ओळींत असतात आणि चकती लहान पडल्याने अर्धी कापली जातात.

ग्रीकांच्या जगाशी या भागाचा संबंध होता, तो दुसऱ्या वस्तूंतून दिसतो. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकाडावर पॉसायडन या समुद्रदेवाची छोटी ब्राँझमूर्ती मिळाली. ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे, जाऊन जरूर पाहा.

विकायचा विचार सोडा. जमिनीत मिळालेल्या ठेव्याची माहिती सरकारला द्यावी लागते. तहसीलदार किंवा डी.सी. (जिल्हाधिकारी) ऑफिसला लेखी कळवा आणि पोच घ्या. नाणं घासू नका. कुठल्या गटात, किती खोल, सोबत खापरं होती का, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. अभ्यासकाला नाण्याइतकीच ती नोंद लागते.

प्रश्न : कॉलेजात इतिहास शिकते. महिन्याला थोडे पैसे बाजूला पडतात. सुरुवात कुठून करू? मला भारताशी संबंधित ग्रीक नाणी आवडतील.
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : तुमची आवड उत्तम आहे. भारताच्या वायव्येला राज्य केलेले ग्रीक राजे मिनँडर, अपोलोडोटस यांची चौकोनी ब्राँझ नाणी एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला त्या भागातली जुनी लिपी खरोष्ठी बोलतात. ग्रीक बाजूला ‘बासिलेओस सोतेरोस मेनांद्रू’, खरोष्ठी बाजूला, उजवीकडून डावीकडे, ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’. त्राता राजा मिनँडर याचं. दोन लिप्यांतल्या पाट्या वाचत वाढलेल्या बेळगावच्या मुलीला याचं अप्रूप वेगळं सांगायला नको. अशाच नाण्यांच्या आधारे एकोणिसाव्या शतकात हरवलेल्या लिप्या वाचता आल्या. १८३६ मध्ये युरोपीय अभ्यासक लासेनने अगाथोक्लीस या अशाच ग्रीक राजाच्या नाण्यावरून ब्राह्मीची काही अक्षरं लावली, १८३७ मध्ये इंग्रज अभ्यासक प्रिन्सेपने ब्राह्मी पूर्ण उलगडली. खरोष्ठीची किल्लीही त्याला या द्विभाषिक नाण्यांतच सापडली.

तरी पहिली खरेदी ही नको. ही नाणी मुख्यतः अफगाणिस्तान-पाकिस्तानातून निघतात, बऱ्याच नाण्यांना कागदपत्रं नसतात आणि नकलाही पुष्कळ. आधी काळ्या समुद्राकाठच्या पाँटस राज्यातल्या अमिसोस गावाचं ब्राँझ घ्या. तिथला राजा मिथ्रिडेटीस सहावा याच्या काळातलं, एका बाजूला मेडुसाचं मुंडकं असलेली ढाल, मागे चालती विजयदेवता, साधारण २० ते २२ मिमी, ७-८ ग्रॅम. किंवा फिलिपचा घोडेस्वार. दोन्ही विपुल आहेत. झिजलेली पण वाचता येणारी नगं परदेशी लिलावात वीस-तीस डॉलरपासून मिळतात. ‘न साफ केलेली शंभर नाणी’ असल्या पुडक्यांत पैसे घालू नका. चांगली निवडून झाल्यावर उरलेली नाणी त्यात असतात.

भारतात घ्यायचं तर पुरातत्त्व खात्याचा परवाना असलेल्याच विक्रेत्याकडून, बिलासह. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपुढचं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. ग्रेडिंगसाठी, म्हणजे दर्जा ठरवून घ्यायला, परदेशी पाठवून परत मागवू, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. तीही निर्यातच.

प्रत्येक नाण्याला आम्लरहित कागदाचं एक कार्ड करा. वजन, व्यास, दोन्ही बाजूंचं वर्णन, वाचलेली अक्षरं आणि कुणाकडून, कधी, किती रुपयांना घेतलं. पेन्सिलीने लिहा. नाणं दर्शनी बाजूने सरळ धरून उभ्या अक्षाभोवती फिरवलं की मागचं चित्र घड्याळातल्या कितीवर येतं तेही टिपा. सुट्टीत नाशिकजवळच्या अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आणि तिचं संग्रहालय आहे, तिथे दोन दिवस काढा.

प्रश्न : ४२ मिमीचं, ६८ ग्रॅमचं टॉलेमीचं नाणं पाहिलं. दोन्ही बाजूंना मधोमध खोलगट टिंब आहे. गळ्यात घालायला भोक पाडायचा प्रयत्न असावा, म्हणून विक्रेता किंमत कमी करायला तयार आहे. घ्यावं का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : ते टिंब टांकसाळीतलंच आहे. इजिप्तच्या मोठ्या ब्राँझ नाण्यांवर ते नेहमी दिसतं. चकती दोन टोकांमध्ये धरून फिरवत घासून सपाट करताना ते पडलं असावं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. दोन बाजूंची टिंबं एकमेकांसमोर नेमकी येतीलच असं नाही. टिंबाच्या आत बाकी नाण्यासारखंच पुट आहे का, ते भिंगातून पाहा. आत ताजा लालसर धातू चमकत असेल तर भोक नंतरचं. पुट एकसारखं असेल, शिंगवाला झ्यूस-आमोन आणि विजेवर उभा गरुड ओळखता येत असतील आणि बिल मिळत असेल, तर कमी किमतीत जरूर घ्या. घरी नेल्यावर पहिला महिना रोज भिंगाखाली तपासा, एवढ्या जाड नाण्याच्या पोटात क्लोराइडही तेवढंच साठलेलं असू शकतं.